जनावरांच्या पोटाचं औषध

१२ जानेवारी १९४५

पलटणीतल्या खेचरांच्या दवाखान्यात आमचे मेजरसाहेब सांगायचे, ज्या जनावराला हात लावलास त्याचं त्याच दिवशी लिहून ठेव. उद्यावर टाकलंस की तू स्वतःशीच खोटं बोलायला लागशील. घरी आल्यापासून लिहिण्यासारखं काही घडलंच नव्हतं. गुडघ्यावर खेचराची लाथ बसली, पाय वाकडा झाला आणि सरकारनं घरी पाठवलं. नांगरामागं चालता येत नाही. बांधावर बसून दुसऱ्यांचे बैल बघायचे, एवढंच काम.

आज मात्र घडलं. शेजारच्या मळ्यातल्या आकारामचा बैल दावं तोडून ओल्या लसूणघासात शिरला आणि फुगून ढोल झाला. डावी कूस पाठीच्या वर आलेली, जीभ बाहेर, धड उभं राहवेना. चारपाच जण ताक पाजत होते, ते निम्मं नाकात जात होतं. मी म्हणालो, थांबा. जवसाचं तेल मागवलं. दार रंगवायला आणलेलं टर्पेंटाईन घरात होतं. त्यात हिंग आणि सुंठ खलली. वेळूची नळी तिरकी कापून घेतली, जीभ बाजूला धरली आणि घोटघोट पाजलं. पुढचे पाय उंचवट्यावर घेतले, तोंडात लिंबाचं दांडकं आडवं बांधलं आणि कूस चोळत राहिलो. थोड्या वेळानं बैलानं असा ढेकर दिला की पोरं मागं पळाली. मग एकामागून एक ढेकर.

आकारामच्या डोळ्यांत पाणी आलं. "जोत्या, गड्या, तुझा गुडघा मोडला ते आमच्या नशिबानंच म्हनायचं."

मनुबाई, माझी बायको, लांबून बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, "आवं, खेचराचं औषध बैलाला चालतंय व्हय?"

मी म्हटलं, "पोट ते पोट."

२४ जानेवारी

मिरजेला जाऊन आलो. लढाईमुळं टर्पेंटाईन मिळत नाही, पण रंगवाल्याच्या ओळखीनं एक डबा मिळाला. आता माझ्याकडं तीन औषधं आहेत. फुगलेल्या जनावराला तेलाचं. शेण अडलं तर जुलाबाचं मीठ, गुळाच्या पाण्यातून. आणि नुसतं मरगळलेलं, चारा टाकणारं जनावर असेल त्याला पाचक: सुंठ, ओवा, काळं मीठ आणि काडेचिराईत. मनुबाई सकाळपासून उखळात कुटते आहे. दोघांच्या अंगाला हिंगाचा वास मारतो. एक तट्टू घेतलं, म्हणजे गुडघ्याला त्रास नको.

आज खालच्या वाडीहून एकजण आला. त्यानं मला "डाक्टर" म्हटलं. मी त्याची चूक सुधारली नाही.

११ फेब्रुवारी

कवठे महांकाळचा बाजार. मी पिंपळाखाली पोतं अंथरून बसलो होतो. नाथाजी म्हणून एक हेडी आहे, खालच्या कानडी मुलखातून जनावरं आणून इकडं विकतो. त्यानं मला हाताला धरून नेलं. त्याचा एक बैल मान खाली घालून उभा, डोळ्यांतून पाणी, नाकाला चिकट शेंबूड. शेण बघितलं तर घट्ट, वाळलेलं. तोंडात हात घातला तेव्हा हिरड्यांवर कोंडा भुरभुरल्यासारखं काही लागलं, आणि घाण वास आला. माणसाला पोटातल्या उष्णतेनं तोंड येतं, तसंच हे. जुलाबाचं मीठ पाजलं.

नाथाजी म्हणाला, "आता आलाच हाईसा तर समद्यांस्नीच ते पाचक पाजा की. वाटंनं दमल्यात. जरा तरतरी आली म्हंजी गिऱ्हाईक थांबंल."

सगळ्या दावणीला पाजलं. त्या मरगळलेल्या बैलापासून सुरुवात केली आणि ओळीनं पुढं गेलो. नळी प्रत्येक वेळी धोतराच्या सोग्यानं पुसून घेतली. पलटणीची शिस्त अंगात आहे अजून. दिवस कलायच्या आत त्याची बाकीची जनावरं विकली गेली. बोरवाडीचे दादासो पाटील जोडी घेऊन गेले. नाथाजीनं सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारली.

१७ फेब्रुवारी

बोरवाडीला दादासोंकडं. नव्या जोडीतल्या एका बैलानं चारा सोडलाय. डोळे पाणावलेले, शेण अडलेलं. बाजारातल्यासारखंच दुखणं, त्यामुळं मला विचार करावा लागला नाही. वाटेत घाण पाणी प्यायले असणार. काल मीठ पाजलं, मुक्काम केला. सकाळी शेण सुटलं, चांगलं पातळ. दादासोंना म्हटलं, पोट मोकळं झालं, आता धोका टळला. त्यांच्या बायकोनं मला ओवाळलं.

परतताना तीन वस्त्यांवर थांबलो.

२० फेब्रुवारी

राहीआत्तीची कपिला गाय. म्हातारीला दुसरं कोणी नाही. एक मुलगा होता, तो माझ्याच पलटणीबरोबर गेला आणि आफ्रिकेत कामी आला. ती गाईशी बोलत बसते. गाईला तसं काही झालेलं नव्हतं, दूध थोडं कमी झालं होतं एवढंच. मी आपणहून पाचक पाजलं. ती म्हणाली, "लेकरा, तुजा हात लागला, आता मला घोर न्हाई."

२५ फेब्रुवारी

उसंत नाही. ज्या ज्या गावात मी जाऊन आलो, तिथूनच पुन्हा बोलावणं येतं. लोकांचा विश्वास बसला की असं होतं. तीनही वस्त्यांवरून माणसं आली. आकाराम म्हणतो, आता तुला एक जोडीदार ठेवावा लागंल.

एक गोष्ट मात्र लिहिली पाहिजे. दादासोंचा बैल मेला. जुलाब थांबलेच नाहीत, शेवटी नुसतं रक्त पडत होतं. जुलाबाचं मीठ जास्त झालं असेल का? आता माप कमी करतो. आणि जुलाब लागलेल्यांसाठी नवं औषध केलं: खडूची भुकटी, कात, बेलाचा गर आणि अफूची किंचित मात्रा. पलटणीत पोट सुटलेल्या खेचराला हेच द्यायचो आणि दोन पाळ्यांत उभं राहायचं.

२७ फेब्रुवारी

राहीआत्तीच्या गाईनं रवंथ सोडला. डोळे ओले. मी म्हटलं, हवा बदलते आहे.

मनुबाईनं माझं धोतर हातात धरलं आणि तोंड फिरवलं. "ह्याला वास कसला येतोय?" मी सांगितलं, औषधाचा. तिला औषधाचा वास ठाऊक आहे, तीच ते कुटते. पण ती धोतर धुवायला घेऊन गेली.

१ मार्च, कुंडल

मनुबाईच्या भावाकडं आलो आहे. हंबीरराव माझ्यापेक्षा लहान, पण ऊस, गुऱ्हाळ, दोन खिलारी जोड्या, म्हशी, सगळं राजाच्या थाटाचं. मनुबाईनंच आग्रह धरला. "समद्या मुलखाला औषध देतासा, माज्या भावाच्या जनावरांस्नी द्या की." बायकोला माहेरी अभिमानानं सांगण्यासारखं आमच्या लग्नात आजवर काही नव्हतं. आता आहे.

इथं जनावरं ठणठणीत. गुऱ्हाळावर उसाचे वाढे खाऊन जरा जड झालेली. पाचक पाजलं सगळ्यांना. हंबीररावानं बैलांची तोंडं स्वतः धरली. शेजारपाजाऱ्यांची चार जनावरंही आणून उभी केली. रंगूबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पुरणपोळी केली. रात्री हंबीरराव म्हणाला, "दाजी, तुमी हितंच ऱ्हावा. कवठ्याच्या त्या खडकात काय हाय?"

मला हे घर आवडलं. बैलांची शिंगं रंगवलेली नाहीत तरी चमकतात.

४ मार्च

परत आलो तो गाव बदललेलं. बोरवाडीच्या वाटेवर दादासो आणि चौघे काठ्या घेऊन उभे होते. "जोतीराम, माघारी फिर."

मी विचारलं का.

"मरीआईचा कोप हाय. आज गाडा काढायचाय. कुनी आत यायचं न्हाई, बाहिर जायाचं न्हाई."

मरीआईचा छोटा लाकडी गाडा, त्यात लिंबाचा पाला, हळदकुंकू, कापलेलं कोंबडं. वाजतगाजत शिवेपर्यंत ओढतात आणि शेजारच्या गावाच्या हद्दीत ढकलून देतात. ते गाव पुढच्या गावाला. असं करत दुखणं गावोगाव पोचवत राहायचं. मला हसू आलं आणि रागही आला. म्हटलं, तुमचं संकट दुसऱ्याच्या दारात टाकायला तुम्हाला लाज कशी वाटत नाही?

दादासो माझ्या खांद्यावरच्या झोळीकडं बघत राहिले.

वस्त्यांवर गेलो. एका गोठ्यात सगळी दावण आडवी. मी कोणाला पाजायचं ते मला कळेना. सगळ्यांना पाजलं.

६ मार्च

आकारामचा बैल गेला. ज्याला मी जानेवारीत वाचवलं तोच. आकाराम माझ्याकडं आला नाही. त्याच्या भावाकडून कळलं.

७ मार्च

सांगलीहून गुरांचे डॉक्टर आले आहेत, दातार म्हणून. किडकिडीत माणूस, डोक्यावर टोपी, सोबत बर्फाची पेटी. टोचणी करायची म्हणतात. चावडीवर कोणी जनावर आणेना. टोचल्यावर जनावर तापतं आणि गाभण गाय गाभ टाकते असं सगळे म्हणत होते. मग लोक माझ्याकडं वळले. "जोतीराम, तू सांग. तू पलटनीतला हाईस."

मी सांगितलं, "हे पोटाचं दुखणं आहे. आधी शेण बांधतं, मग सुटतं. पोटाच्या दुखण्याला सुई कशाला?"

लोक उठून गेले. दातार माझ्याकडं बघून म्हणाले, "एखादं आजारी जनावर दाखवता का मला?"

राहीआत्तीकडं नेलं. गाय आडवी होती. त्यांनी आधी शेपटीखाली ताप बघायचा पारा लावला. मग ओठ उलटा करून मला हिरड्या दाखवल्या. कोंड्यासारखं जे मला बाजारात बोटाला लागलं होतं, त्याच्याखाली मांस लालभडक उघडं पडलेलं. जिभेखालीही तेच.

"ही बुळकांडी," ते म्हणाले. "ताप पहिल्यांदा येतो. मग तोंड. पोट सगळ्यात शेवटी. तुम्ही ताप पाहिला होता का?"

पलटणीत रोज सकाळी मी खेचरांचा ताप घ्यायचो. इथं पाऱ्याची नळी कधी झोळीतून काढलीच नाही. पोटाचं आहे असं ठरवून टाकल्यावर ताप कशाला बघायचा? मी म्हटलं, "दवाखान्यात आम्ही हे कधी पाहिलं नाही."

"खेचरांना हा रोग होत नाही. कसा पाहणार?" ते गोठ्याबाहेर आले, फिनेलच्या पाण्यात हात बुडवले आणि मलाही बुडवायला लावले. "याच्यावर पाजायचं औषध नाही. लाळेतून, नाकातल्या पाण्यातून, शेणातून पसरतो. एका जनावराच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात काही गेलं की झालं." मग त्यांची नजर माझ्या झोळीतल्या वेळूच्या नळीवर गेली. "ही कुठंकुठं फिरली?"

मी गावं सांगायला लागलो. ते लिहून घेत होते. मी सांगत गेलो आणि मध्येच त्यांनी लिहायचं थांबवलं. मी तरी बोलतच होतो.

राहीआत्ती दारातून म्हणाली, "जोतीबा, काय म्हंत्यात डाक्टर? आनि एकदा पाजायचं का?"



७ मार्च, संध्याकाळ

नळी जाळली. झोळी जाळली. मनुबाईनं न विचारता धोतरं आणून आगीत टाकली. मग चुलीपाशी बसली आणि एकच शब्द बोलली.

"कुंडल."

९ मार्च, कुंडल

दातारांनी सांगितलं होतं, अंग फिनेलनं धुऊन, कोऱ्या कपड्यांत जा. वाटेत एकाही जनावराला हात लावू नका. तट्टू घरी ठेवलं. मिरजेहून रेल्वेनं आलो. कुंडल औंध संस्थानात, तिथं सांगलीच्या डॉक्टरांचा अधिकार चालत नाही. त्यांनी औंधला तार केली आहे.

हंबीररावाच्या अंगणात शिरलो नाही. रस्त्यावरून हाक मारली. तो हसतच आला. "दाजी, पाव्हन्यासारखं भाईर का?"

"बैल कसे आहेत?"

"झकास. एक जरा दमलाय. डोळ्याला पानी येतंय, गुऱ्हाळाचा धूर लागला आसंल."

मी सगळं सांगितलं. बाजार, नळी, कोंडा, बोरवाडी. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू दुसऱ्याच कोणाचा तरी व्हायला लागला.

"तुमीच पाजलं," तो म्हणाला. "मी तोंडं धरली आन तुमी पाजलं."

"हो."

त्यानं पायातली वहाण काढली. मी हललो नाही. त्यानं ती माझ्याकडं न मारता भिंतीवर आपटली, पुन्हा पुन्हा, वादी तुटेपर्यंत. रंगूबाई आतून धावत आली. मी तिथंच उभा राहून म्हणालो, हंबीरराव, ही जनावरं आता कोणाच्या हातात नाहीत. पण गाव आहे. तुझी आणि त्या शेजाऱ्यांची चार गोठ्यात कोंडली, पाण्यावर सोडली नाहीत आणि बाकीच्या गावानं टोचून घेतलं, तर गाव वाचेल. गाव माझं ऐकणार नाही. तुझं ऐकेल.

त्यानं दुसरी वहाणही तिथंच काढून टाकली. मग अनवाणीच गोठ्याकडं गेला. दार लावल्याचा आवाज आला.

१५ मार्च, कुंडल

औंधचे डॉक्टर आले. हंबीरराव चावडीत उभा राहिला आणि म्हणाला, "माजा गोठा गेला. कुनाचा जायचा नसंल त्यानं जनावर घिऊन या." माझं नाव घेतलं नाही त्यानं. मी मागच्या भिंतीला टेकून होतो. सगळ्यांना ठाऊक होतं.

लोकांनी जनावरं आणली. ओळीनं उभी केली. मला ती ओळ बघवेना, मी बाहेर गेलो.

गोठ्याच्या आत काय चाललंय ते वासावरून कळतं. हंबीरराव एकटाच आत जातो. पेज घेऊन जातो, भांडं भरलेलंच बाहेर येतं. मला त्यानं एकच काम दिलं: खड्डा खणायचं. गुडघ्यावर बसून खणतो आहे. खोल पाहिजे, कोल्ह्यांनी उकरता कामा नये, चुना घालायचा, कातडं सोलायचं नाही. पहिली जोडी काल गेली.

२२ मार्च, कुंडल

गोठा रिकामा झाला. शेजाऱ्यांची चारही गेली. गावात पुढं कुठं लागण नाही. डॉक्टर म्हणतात अजून वाट बघायची, पण त्यांचा आवाज पहिल्यासारखा नाही, जरा सैल झालाय.

घरून निरोप आला. राहीआत्तीची गाय त्याच आठवड्यात गेली होती. ती आता कोणाशीच बोलत नाही. आमची गाय दातारांनी टोचली, ती उभी आहे. मनुबाईनं सगळा सुंठ-ओवा उकिरड्यात ओतला.

निघताना हंबीरराव वेशीपर्यंत आला. म्हणाला, "आक्काला म्हनावं, बोलवीन मी. आत्ताच न्हाई. पर बोलवीन." मी नमस्कार केला. त्यानं मान वळवली होती.

२२ मार्च, संध्याकाळ, कराडच्या रस्त्यावर

घरी जायला निघालो होतो, पण स्टेशनाच्या अलीकडंच कडब्यानं भरलेली एक गाडी समोरून आली आणि मी रस्त्याच्या मध्येच थांबलो. डाव्या बैलाची मान खाली. गालावर डोळ्यांचं पाणी वाळून काळी रेघ पडलेली. नाकातून शेंबडाची तार लोंबत होती. पूर्वी मला हे बघायला तोंडात हात घालावा लागला होता. आता लांबूनच कळलं.

गाडीवान गुंडा म्हणून एक तरणाबांड माणूस. कवठ्याकडचाच, बोरवाडीच्या पलीकडच्या वस्तीवरला. पंधरा दिवस भाड्यानं बाहेरच फिरतोय, गावाकडचं काही कानावर नाही; आता कडबा घेऊन कराडला निघालेला. पुढं कृष्णाकाठची सगळी गावं, साताऱ्यापर्यंत पाणवठ्याला पाणवठा लागून. वाटेत कुठंकुठं पाणी पाजलंस, विचारलं. त्यानं सांगितलं. मी मध्येच ऐकायचं थांबवलं.

"काय न्हाई वं," तो म्हणाला, "पोट बिघडलंय जरा. उद्या कराडात बाजार गाठायचाय."

मी सांगायला तोंड उघडलं. बुळकांडी म्हटलं असतं तर त्यानं चाबूक ओढला असता आणि रात्रीतून बैल विकून मोकळा झाला असता. वाट अडवली असती तर माझ्यासारख्या लंगड्याला ढकलायला किती वेळ लागतो? तेवढ्यात तो माझ्याकडं निरखून बघायला लागला. "तुमी जोतीरामबापू न्हवं का? पलटनीतलं, गुरांचं डाक्टर? आमच्या वस्तीवर आला हुता की! तुमच्याकडं औषध आसंल ना पोटाचं?"

तो इतका खूश झाला होता.

"आहे," मी म्हटलं. "पण गाडी इथंच सोडावी लागंल. चालता बैल औषध धरत नाही."

त्यानं लगेच जू खाली घेतलं.

ओढ्यापासून लांब, एका जुन्या चिंचेखाली बैल बांधले. शेण पुरायला चर खणला. एका वाटसरूबरोबर कुंडलला डॉक्टरांकडं निरोप धाडला आहे. पाण्यात गूळ आणि मीठ कालवलं, बैल पिईल तेवढं परातीत ठेवलं, हात लावला नाही. गुंडा म्हणतो, काय औषध हाय बापू, नाव तरी सांगा. त्याचा माझ्यावर कवठ्याकडच्या कुणाहीपेक्षा जास्त विश्वास आहे. रस्त्यानं गाडी आली की मी उठतो आणि लांबूनच हात करतो, पलीकडून जा म्हणून. लोक शिव्या देतात, पण पलीकडून जातात.

दुपारनंतर डावा बैल बसला. उजव्याच्या डोळ्यांत आता पाणी दिसायला लागलं आहे. गुंडानं कडब्याची पेंढी सोडून डाव्याच्या मानेखाली उशीसारखी घातली आणि माझ्याशेजारी येऊन बसला. भाकरी काढली, अर्धी मला दिली.

"उद्या उठंल न्हवं, बापू?"

"उठंल," मी म्हटलं. "तू फक्त इथून हलू नकोस."